मासेमारीच्या बोटीची डायव्हिंग बोट होताना: मालवणमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मालवणमधल्या एका गाबित (म्हणजे इथल्या मच्छीमार समाजातल्या) कुटुंबाची ही केस आहे. दोन भाऊ, आणि त्यांचे वडील ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते आयुष्यभर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते, शिडाच्या होडीपासून इंजिनाच्या बोटीपर्यंत सगळं हाताळलेलं. मोठा भाऊ अजून मासेमारीतच होता. धाकटा बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर स्कूबाचा गाइड म्हणून काम करत होता. तिसरी पार्टनर म्हणजे पुण्याहून इथे येऊन स्थायिक झालेली एक इन्स्ट्रक्टर, तिला दोघे भाऊ ताई म्हणतात. चौथे काका, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले इंजिनियर, त्यांनी थोडे पैसे टाकले आणि त्यापेक्षा जास्त वेळ दिला. माझा संबंध एवढाच की सेफ्टीची तपासणी करून द्यायला मला बोलावलं होतं आणि मग मी शेवटपर्यंत त्यात राहिलो. माणसांची नावं देत नाहीये. बोटीचं नाव मात्र त्यांना विचारून दिलंय, त्याशिवाय नावाचा भाग कळणारच नाही.

बोट सेकंडहँड, रत्नागिरी जिल्ह्यातून मे महिन्यात घेतलेली. फायबरची मासेमारीची बोट, २८ फूट लांब, ७ फूट रुंद, मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. मे मध्ये घ्यायचं कारण सरळ आहे, आपल्याकडे २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, म्हणजे काम करायला तीन महिने मिळतात आणि १ सप्टेंबरनंतर कधीही सीझन सुरू करता येतो. तसं म्हटलं तर पाणी स्वच्छ व्हायला पुढे बरेच दिवस जातात, पण बुकिंगचे फोन गणपतीपासूनच सुरू होतात.

मालवणला डायव्हिंग कसं चालतं हे बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर येणारे बहुतेक पर्यटक पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारे, अर्ध्याहून जास्त लोकांना पोहता येत नाही. एक गाइड एकाच पर्यटकाला हाताला धरून खाली नेतो, काही मिनिटं मासे दाखवतो, फोटो, व्हिडिओ, मग वर. म्हणजे इथल्या डायव्हिंग बोटीवर डायव्हर कमी आणि घाबरलेली माणसं जास्त असतात. बोट कशी सजवायची हा विचार इथूनच सुरू व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

अडचण काय होती

बोट ताब्यात आली तेव्हा चौघांच्या डोक्यात चार वेगवेगळ्या बोटी होत्या. धाकट्याला १२ पर्यटक बसतील अशी बोट हवी होती, वर फायबरचं पक्कं छप्पर, त्या छपरावर बसून फोटो काढता येतील असं. ताईला रिकामी, मोकळी बोट हवी होती, मध्ये सिलिंडर आणि बाजूला शिडी, बस. मोठ्याचं म्हणणं होतं की मासेमारीचं लायसन्स तसंच ठेवू, पर्यटक नसतील तेव्हा जाळी टाकू. आणि काकांना आधी बोट तपासायची होती, तिच्यावर काही चढवायच्या अगोदर.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला होता. ते इथे कोणी विसरलेलं नाही. बोटीवर किती माणसं आणि वजन कुठे, हा प्रश्न मालवणात कागदी राहिलेला नाही, आणि या चौघांच्या पहिल्याच बैठकीत तो विषय निघाला हे मला बरं वाटलं.

पैशाचं गणित म्हणाल तर बोट घेतल्यावर हातात साधारण साडेचार लाख उरले होते. त्यातले बरेच पहिल्याच महिन्यात गेले, कसे ते पुढे येतंच.

पहिला निर्णय: ट्रान्सम

काकांनी प्लॅस्टिकच्या हातोडीने बोट ठोकून बघितली. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं त्या ट्रान्समवर आवाज टणक येण्याऐवजी भद्द आला. फायबरच्या आत प्लायवूड असतं, आधीच्या मालकाने त्यात कसले तरी बोल्ट मारलेले, त्या भोकांतून पाणी आत जाऊन प्लाय कुजलं होतं. बाहेरून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, चकचकीत, नवा रंग मारलेला, काहीच कळत नव्हतं.

पर्याय दोन होते. बाहेरून अॅल्युमिनियमची प्लेट लावून हा सीझन काढायचा, खर्च कमी. किंवा आतलं फायबर कापून सगळं प्लाय काढायचं, वाळवायचं, नवीन मरीन प्लाय आणि रेझिन. जूनमध्ये मालवणात काही वाळवायचं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मोठा भाऊ प्लेटच्या बाजूने होता, आणि त्याचं कारण चुकीचं नव्हतं, मासेमारीच्या बोटींवर लोक तसंच करतात आणि चालतं. पण तिथे ट्रान्सम हललं तर बोटीवर चार खलाशी असतात, इथे पोहता न येणारी माणसं असणार. शेवटी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, दोन हॅलोजन आणि पंखे लावून आठवडे घालवले, आणि ट्रान्सम पूर्ण नवीन केलं. एक लाखाच्या वर गेले.

दुसरा निर्णय: किती माणसं, आणि छप्पर

या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वजन मोजलं. १२ पर्यटक, प्रत्येकी ७५ किलो धरले तर ९०० किलो. बोटीवरची चार माणसं, ३०० किलो. डायव्हिंगचा नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असताना साधारण १७ किलोचा, असे १६ म्हणजे २७२. जॅकेटं, शिशाचे वेट, ऑक्सिजन, पाणी, नांगर, बाकी सामान धरून आणखी दीडशे. म्हणजे सव्वासोळाशे किलो, आणि हे सगळं अशा बोटीवर जिने आजवर जाळी आणि मासळी तळाशी ठेवून नेलेली. मासळी खाली असते, गप्प पडून असते. माणसं वर असतात आणि हलतात. कोणी ओरडलं की डॉल्फिन, तर सगळी एका बाजूला.

काकांनी डुलण्याची टेस्ट करायचं ठरवलं, ही जुनी पद्धत आहे आणि हिला स्टॉपवॉचशिवाय काही लागत नाही. पावसाने उघडीप दिली त्या दिवशी शांत खाडीत बोट उतरवली, माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवली, दोघांनी बाजूने तालात दाबून बोट डुलवली आणि सोडून दिली. एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत यायला किती सेकंद लागतात हे दहा डुलण्यांवर मोजून सरासरी काढली. बोटीची रुंदी मीटरमध्ये घ्यायची, ०.८ ने गुणायची, सेकंदांनी भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, की बोटीची मेटासेंट्रिक उंची अंदाजे मिळते. बोट कलली की सरळ व्हायला तिच्यात किती जोर आहे, तो या उंचीवरून कळतो.

छप्पर नसताना २.४ सेकंद, म्हणजे साधारण ५१ सेंटीमीटर. मग सुरूच्या वाशांचा मांडव उभा केला आणि फायबरच्या छपराचं वजन येईल तेवढी, ११० किलोची वाळू त्यावर ठेवली. २.६ सेकंद, म्हणजे ४३ सेंटीमीटरच्या आसपास. धाकटा म्हणाला, बघा, काहीच फरक नाही. तेव्हा काकांनी कागद घेतला आणि त्याच छपरावर फोटोसाठी चार माणसं चढली तर काय, ते काढलं. उत्तर आलं २४-२५ सेंटीमीटर. म्हणजे अर्ध्यावर. आणि अशी बोट डुलताना सावकाश डुलते, साडेतीन सेकंदांच्या जवळपास, आणि वर बसलेल्या माणसाला ते छान वाटतं, झटके बसत नाहीत, बोट मऊ चालतेय असं वाटतं. हे मुद्दाम लिहितोय कारण पर्यटकच काय, बोट चालवणारेसुद्धा हळू डुलणाऱ्या बोटीला स्थिर समजतात. सावकाश परत येणारी बोट ही परत यायला कष्ट पडणारी बोट असते.

धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग छप्पर घातलं तर लोक चढणारच, आपण कितीही सांगा." बरोबर होतं ते. चढू नये असा बोर्ड लावणं हा उपाय नाही, चढताच येणार नाही असं छप्पर करणं हा उपाय. म्हणून अॅल्युमिनियमचे पाइप आणि कॅनव्हास ठरला, वजन ३० किलोच्या आत, आणि वारा वाढला की दोन मिनिटांत गुंडाळता येतो.

माणसांचा आकडा मात्र वजनाने नाही, घड्याळाने ठरला. हे ताईने मांडलं आणि मला फार पटलं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. उन्हं चढली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि अकरानंतर लाट उठायला लागते. दोन गाइड, एका पर्यटकाला तयार करून, खाली नेऊन, परत वर चढवायला अर्धा तास, म्हणजे तासाला चार जण. आठला जागेवर पोचलात तर ८ माणसं दहाच्या सुमाराला उरकतात. १२ माणसं घेतली तर शेवटच्या चार जणांची पाळी अकराच्या तोंडावर, म्हणजे जी माणसं दोन-अडीच तास नांगरलेल्या बोटीत बसून उलट्या करून दमलीत तीच नेमकी वाऱ्यात पाण्यात उतरणार. मग ८ ठरले. उत्पन्नात तिसरा हिस्सा कमी, हे सगळ्यांनी मान्य करून सही केली. ही सही नुसत्या दाखल्यापुरती नव्हती, डिसेंबरच्या गर्दीत कोणी "अजून दोघांना घेऊया ना" म्हणालं की दाखवायला ती होती.

बाकीचं सामान

शिडी. आउटबोर्ड मागे असल्यामुळे शिडी मागे लावायचीच नाही, इंजिनाच्या पंख्याजवळ माणूस नको. उजव्या बाजूला, मध्यापासून थोडी मागे, स्टेनलेस स्टीलची शिडी लावली. मधला एकच दांडा आणि दोन्हीकडे पायऱ्या अशी, त्यामुळे पायात फिन्स असतानासुद्धा चढता येतं. पाण्याखाली किमान तीन पायऱ्या हव्यात, नाहीतर दमलेल्या माणसाला गुडघा छातीपर्यंत आणावा लागतो आणि तो येत नाही. पहिली शिडी फॅब्रिकेटरने पाण्याखाली दोनच पायऱ्यांची करून दिली होती, ती परत पाठवली.

इंजिन बंद असल्याशिवाय कोणी शिडीवर नाही, हा नियम सगळेच सांगतात. इथे त्याला एक जोड दिली. इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या किल स्विचची जी लाल दोरी असते ती काढून शिडीजवळच्या हुकला अडकवायची. शिडी पाण्यात तर दोरी हुकवर. दोरी हुकवर तर इंजिन सुरूच होत नाही. तांडेल, म्हणजे मोठा भाऊ, याच्यावर आधी नाराज होता, आपल्यावर विश्वास नाही का असा सूर होता. आठवड्याभरात तोच दुसऱ्यांना सांगत होता.

सिलिंडर. जुन्या मासळीच्या खणात, बोटीच्या मधोमध, फणसाच्या लाकडाच्या फळीला गोल भोकं पाडून उभे केले, वरून जाड रबराने बांधले. गावच्या सुताराने केलंय, बाजारातल्या रॅकपेक्षा पक्कं. बाजूच्या बाकाखाली आडवे ठेवायचा दुसरा पर्याय होता, त्याने जागा वाचते, पण लाटेत एक सुटला तर १७ किलोचा दंडगोल मोकळा फिरतो, आणि एकाच बाजूचे आधी वापरले गेले तर वजन सरकतं. मधोमध ठेवले की दोन्ही प्रश्न संपतात. कॉम्प्रेसर बोटीवर घ्यायचा विचार झाला होता, लगेच रद्द केला. इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरने ओढला तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये जातो, शिवाय वजन. हवा किनाऱ्यावरच भरायची.

ऑक्सिजन. लहान ए टाइप सिलिंडर की मोठा बी टाइप? मिनिटाला १५ लिटरने ए टाइप पाऊण हजार लिटरचा, पन्नास मिनिटं चालतो, बी टाइप दीड हजाराचा, शंभर मिनिटं. डायव्हिंगच्या जागेपासून जेटीपर्यंत अर्धा तास, पुढे गाडी, पुढे हॉस्पिटल. बी टाइप घेतला. त्याला तेल किंवा ग्रीस लागू द्यायचं नाही आणि पेट्रोलपासून लांब ठेवायचा, म्हणून त्याची पेटी पुढे नाळीजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला.

झेंडा. निळा-पांढरा अल्फा झेंडा म्हणजे इथे पाण्याखाली माणूस आहे, लांबून आणि हळू जा. पण हा झेंडा ज्याला वाचता येतो त्याच्यासाठीच असतो, आणि आजूबाजूला असतात जाळी ओढणाऱ्या होड्या. मोठा भाऊ मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये झेंडा घेऊन गेला आणि सगळ्यांना दाखवून आला. मला वाटतं सबंध फिटिंगमधलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम.

नांगर फक्त वाळूत, प्रवाळावर कधीच नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालेलं आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, त्याचे नियम आहेतच, पण नियम नसते तरी हाताएवढं वाढायला वर्षानुवर्षं घेणारं प्रवाळ एका नांगराने मोडतं, आणि लोक तेच बघायला पैसे देतात. लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ, फर्स्ट एड, कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर समोर मोठ्या अक्षरात, हे सगळं झालं. मोठ्या भावाने गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट आणि जीवरक्षक असे दोन्ही कोर्स केले. ज्याने पंचवीस वर्षं समुद्रात काढलीत त्याला विद्यार्थी म्हणून बसायला लावणं सोपं नव्हतं, आबांनी सांगितलं म्हणून गेला.

नावाचा प्रश्न

मासेमारीचं लायसन्स ठेवायचं की नाही, यावर वाद बरेच दिवस चालला. लायसन्स सोडलं की इंधनाची सवलत जाते, आणि गाबिताच्या घरात ते लायसन्स म्हणजे नुसता कागद नसतो. पण एकाच बोटीवर सकाळी पर्यटक आणि रात्री मासळी, हे ना बोटीच्या सर्व्हेत, म्हणजे सरकारी तपासणीत, बसत ना विम्यात. शेवटी मत्स्य विभागाकडची नोंदणी रद्द करून सागरी मंडळाकडे नव्याने अर्ज करायचा ठरला. आणि अर्जात पहिल्याच पानावर रकाना, बोटीचं नाव.

तोपर्यंत नावाचा विचार कोणी गंभीरपणे केला नव्हता. बोटीवर आधीच्या मालकाने देवीचं नाव लिहिलेलं होतं. आबा म्हणाले, "देवीचां नाव पुसू नको, काय त्रास होतलो सांगूक येणा नाय." धाकट्याला "ब्लू कोरल" हवं होतं, आणि घाईघाईत त्याने पेंटरकडून एका बाजूला ते लिहूनही घेतलं, देवीच्या नावावर पांढरा हात मारून. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. ताईला पर्यटकांना इंग्रजीत सहज टाइप करता येईल असं काहीतरी हवं होतं. या वादात कोणीच हट्टी नव्हतं, प्रत्येकाला नावाकडून वेगळं काम हवं होतं, आबांना राखण, धाकट्याला धंदा, ताईला बुकिंग.

काकांनी चौथं काम सांगितलं. संकटात व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर मेडे (मदतीची हाक) तीन वेळा म्हणायचं आणि लगेच बोटीचं नाव तीन वेळा. लांबलचक नाव असेल तर तेवढाच वेळ जातो, आणि एकाच बंदरात त्याच देवाच्या नावाच्या पाच बोटी असतील तर कोस्ट गार्डने कोणती शोधायची? मग सरळ चाचणीच घेतली. धाकटा बोटीवर, इंजिन चालू ठेवून रेडिओवर नावं वाचतोय, आणि जेटीवर हँडसेट घेऊन आबा, ताई आणि सोसायटीतले दोन म्हातारे. ब्लू कोरल म्हाताऱ्यांना कळलंच नाही, एकदा क्वीन ऐकलं, एकदा कोर. देवीचं नाव स्पष्ट आलं, पण ते ऐकताच शेजारी जाळं शिवत बसलेला एकजण मान वर करून म्हणाला, काय झाला, कारण त्याची बोट त्याच नावाची.

"मतलई" हे नाव भावांच्या आईने सुचवलं होतं. लहानपणी पहाटे ती पोरांना "मतलई सुटली, उठा" म्हणून उठवायची, कारण शिडाच्या होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या. रेडिओवर ते पहिल्या खेपेला सगळ्यांना कळलं. बंदरात त्या नावाची दुसरी बोट नव्हती. चारच अक्षरं, म्हणजे बोटीच्या बाजूवर फूटभर उंचीची अक्षरं मावतात, लांबून वाचता येतात. आणि ताईचं वेळापत्रक तर त्याच वाऱ्यावर बेतलेलं. तिचा बुकिंगचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला, व्यवसायाचं नाव वेगळं ठेवलं, बोटीचं वेगळं. ही दोन नावं एकच असायला हवीत असं कुठेच लिहिलेलं नाही, तरी सगळे तसंच धरून चालतात आणि भांडतात.

आबांचं काय? देवीचं नाव नुसतं खरवडून टाकायला त्यांची तयारी नव्हती आणि माझ्या मते तो मुद्दा कामाचाही होता, कारण ज्या बोटीवर घरातला जुना तांडेल पाय ठेवणार नाही त्या बोटीवर बाकीचे खलाशीही मन लावून काम करत नाहीत. देवळात जाऊन कौल घेतला, खण-नारळ ठेवला. जुनं नाव नाळीच्या आतल्या बाजूला लहान अक्षरात लिहून घेतलं, जिथे रोज उदबत्ती लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर किनाऱ्यावरच बोटीसमोर गाऱ्हाणं झालं, मानकऱ्याने बोटीचं नवं नाव घेऊन, डायव्हर पोरांना, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सुखरूप ठेव म्हणून मागणं मागितलं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. ताई आणि काका पण त्यात होते.

निकाल

कागदपत्रांना वेळ लागला, सर्व्हे एकदा पुढे गेला, त्यामुळे पहिला पर्यटक नोव्हेंबरमध्ये बसला. गणपती आणि दिवाळी दोन्ही गेले. पहिल्या सीझनला कर्जाचे हप्ते निघाले, त्यापलीकडे फार काही हातात आलं नाही. दुसऱ्या सीझनला परिस्थिती बरी आहे, कारण उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत गढूळ पाणी असताना ते सरळ सांगतात की भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) तारखा घ्या, पाणी स्वच्छ मिळेल, आणि लोक ऐकतात, परत येतात.

एका जानेवारीत खारा वारा नेहमीपेक्षा लवकर सुटला. एक बाई शिडीवर अर्ध्यात घाबरून थिजल्या, हात सोडेनात. बोट त्यांच्या वजनाने कलली, आणि बाकीचे पर्यटक मदतीला म्हणून त्याच बाजूला उठायला लागले. धाकट्याने ओरडून सगळ्यांना डावीकडच्या बाकावर बसवलं, लाल दोरी हुकवरच होती, दोघांनी मागून आणि वरून आधार देऊन त्यांना वर घेतलं. कोणाला काही झालं नाही. तेव्हा छपरावर चार माणसं असती तर, हा विचार त्या दिवशी संध्याकाळी धाकट्याने स्वतःहून बोलून दाखवला.

काही गोष्टी जमल्या नाहीत. व्हीएचएफचा अँटेना कॅनव्हासच्या पाइपला लावला होता, कॅनव्हास गुंडाळला की तो पण खाली, म्हणजे वाऱ्यात, जेव्हा रेडिओ हवा तेव्हाच रेंज कमी. आता वेगळी काठी लावलीय. फणसाच्या फळीची भोकं पहिल्या पावसाळ्यात फुगली आणि सिलिंडर अडकायला लागले, ती तासून तेल पाजावं लागलं. डेकवर घसरू नये म्हणून जेलकोटमध्ये वाळू टाकली होती ती इतकी जाड होती की अनवाणी पर्यटकांचे गुडघे खरचटायचे, पुन्हा बारीक वाळूने केलं.

वेगळं काय करता आलं असतं

हातोडीची तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी होती. काका तेव्हा बरोबर गेले नव्हते, आणि चकचकीत रंग बघून सौदा झाला. जुन्या फायबर बोटीवर ताजा रंग दिसला की ट्रान्सम, इंजिनाचे बोल्ट आणि तळाचे सांधे ठोकून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि एक दिवस पाण्यात ठेवून तळात किती पाणी येतं ते बघा.

नाव अर्जाच्या आधी ठरायला हवं होतं, आणि रंगाच्या तर कितीतरी आधी. इथे पेंटर आधी आला, मग भांडण, मग चर्चा, मग अर्ज. त्यात तीन आठवडे गेले आणि तेच तीन आठवडे दिवाळी चुकायला कारण झाले असं मोठा भाऊ म्हणतो, मला ते पटतं. एकदा सर्टिफिकेटवर नाव छापून आलं की बदलायला पुन्हा तीच सगळी फेरी.

मासेमारीचं लायसन्स सोडण्याबाबत मात्र अजून दोन मतं आहेत. मोठ्या भावाला वाटतं लहानशी दुसरी होडी घेऊन ते चालू ठेवायला हवं होतं, गढूळ पाण्यात पर्यटक नसतात तेव्हा घर त्यावर चालतं. ताईच्या मते दोन्हीकडे लक्ष राहिलं नसतं. मला मोठ्याचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं, कारण डायव्हिंगचं उत्पन्न हवामानावर आहे, आणि ज्याच्याकडे दुसरी सोय नसते तोच वारा वाढलेला असताना "एक ट्रिप काढूया" म्हणतो. सध्या ते एका उलांडीच्या (तोल राखायला बाजूला लाकूड जोडलेल्या) होडीची चौकशी करतायत, आणि तिच्या नावाचा रकाना आबांनी स्वतःकडे घेतलाय.